दोन्ही कडा जुळवताना शिरोरेषा सांभाळा

नोटा आणि टपाल तिकिटे छापणाऱ्या नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयांमुळे नाशिक शहराचे नाव छपाईशी पिढ्यान् पिढ्या जोडलेले आहे. शहराचे रोजचे छापकाम मात्र वेगळे असते. संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची वार्षिके, गणेश मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने निघणारी कवितांची पत्रके, आणि आता तोंडावर आलेल्या २०२७ च्या सिंहस्थाची माहितीपत्रके. हे सारे मराठीत असते आणि पानावर मांडले जाते ते एखाद-दोन संगणकांच्या डीटीपी केंद्रात, रात्री उशिरापर्यंत, छापखान्याचा फोन वाजत असताना. अशा घाईत इनडिझाइनमध्ये सगळा मजकूर एकदम निवडायचा, कंट्रोल-शिफ्ट-जे दाबायचे आणि दोन्ही कडा सरळ झाल्या की पुढच्या पानावर जायचे, ही सवय लागणे स्वाभाविक आहे. ती सोडावी आणि मजकुराची बाजू ठरवण्याचे काम पूर्णपणे स्टाईलवर सोपवावे, असे मी इथे सुचवतो आहे. नीटनेटकेपणा हे त्याचे कारण नाही. मराठी मजकूर जस्टिफाय करणे हा एका बटणाने घेता येईल असा निर्णयच नाही, हे कारण आहे.

एक ओळ जवळून पाहू. ए-४ आकाराचे तीन स्तंभी पत्रक घ्या. कागद २१० मिलिमीटर रुंद. दोन्हीकडे पंधरा-पंधरा मिलिमीटरचा समास आणि स्तंभांमध्ये सहा-सहा मिलिमीटरची जागा सोडली, तर एकेक स्तंभ ५६ मिलिमीटरचा उरतो. बारा पॉइंटच्या सर्वसाधारण फाँटमध्ये त्यात वीस-बावीस अक्षरे बसतात. आता वाक्य आहे : ‘स्नानासाठी येणाऱ्या भाविकांना महानगरपालिकेकडून’ अमुक एक सूचना. पहिल्या तीन शब्दांची अक्षरे मोजली तर अकरा भरतात. चौथा शब्द एकटाच अकरा अक्षरांचा आहे, आणि मधल्या जागा धरल्या की तो या ओळीत मावत नाही. तो खाली उतरतो. वर उरतात तीन शब्द आणि त्यांच्यामधल्या दोन फटी. ओळ काठोकाठ भरायची असल्यामुळे उरलेली सगळी जागा त्या दोनच फटींत वाटली जाते आणि एकेका फटीत चार-पाच अक्षरे बसतील एवढे भगदाड पडते. इंग्रजी वाक्यात हाच आशय चार-पाच तुटक शब्दांत विखुरलेला असतो. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘अभ्यासक्रमाबद्दलच्या’, ‘त्र्यंबकेश्वरजवळच्या’ असे लांबलचक शब्द पावलोपावली येतात. भाषेचा हा स्वभाव आहे आणि पानाने तो मानला पाहिजे.

ओळ भरण्यासाठी सॉफ्टवेअरपुढे दुसरा रस्ता असतो तो अक्षरांमध्येच जागा सोडण्याचा. तो आणखी वाईट. रोमन अक्षरे मुळात सुटी असतात, ती किंचित लांब गेली तर पटकन कळतही नाही. देवनागरीत अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात. त्यांच्यात फट पडली की रेषा तुटते आणि एक शब्द दोन-तीन तुकड्यांसारखा दिसू लागतो. ‘नाशिक’ छापलेले असावे आणि वाचणाऱ्याला ‘ना शि क’ दिसावे, असा प्रकार. खिळे जुळवण्याच्या काळात ही चूक करणे अवघड होते. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर शिरोरेषेचा आपापला तुकडा असे आणि खिळे शेजारी घट्ट बसले की रेषा सलग होई. ओळ कमी पडली तर जुळारी शब्दांच्या मधे जाड-बारीक स्पेस घालून ती भरून काढी, फारच कमी पडली तर पुढचा शब्द तोडून अर्धा वर घेई. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पाने पाहिली तर ओळींच्या शेवटी शब्द तोडून दिलेली छोटी आडवी रेघ आजही दिसते. शब्दांमधली जागा हलवायची, शब्दाच्या आतली नाही, हा नियम त्या हातांना ठाऊक होता. संगणकाला तो आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि तो सांगण्याची जागा म्हणजे परिच्छेदाची स्टाईल. मजकूर दोन्ही कडांना चांगला जुळायचा तर किमान सहा गोष्टी एकत्र ठरवाव्या लागतात : बाजू, शब्दांमधले अंतर किती आखडू-फुगू द्यायचे, अक्षरांमधल्या अंतराला हात लावू द्यायचा की नाही, अक्षरांची रुंदी ताणू द्यायची की नाही, शब्द कुठे तोडायचे आणि त्यासाठी मजकूर कुठल्या भाषेचा मानायचा, आणि ओळी पाडणारा कंपोझर कोणता. कंट्रोल-शिफ्ट-जे यांतली फक्त पहिली गोष्ट बदलते. उरलेल्या पाच आधीच्या फाइलमधून, दुसऱ्याच भाषेच्या मजकुरासाठी जशा असतील तशा राहतात. म्हणून त्याच बटणाने एका केंद्रात पान बरे दिसते आणि दुसऱ्या केंद्रात फाटते, आणि दोष फाँटला दिला जातो.

इनडिझाइनमध्ये मजकुराची स्टाईल उघडून काय भरावे ते सांगतो. कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा. तो नसेल तर युनिकोड मराठीतली जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर बसत नाहीत. शिवाय पॅराग्राफ कंपोझर एकेक ओळ वेगळी न पाहता सबंध परिच्छेद तोलून ओळी पाडतो, त्यामुळे भगदाडे मुळातच कमी होतात. (खालच्या ओळीत एक शब्द दुरुस्त केल्यावर वरच्या ओळी हलल्या तर दचकू नका, त्याचे कारण हेच आहे. प्रूफ मात्र पूर्ण परिच्छेदाचे पुन्हा वाचा.) जस्टिफिकेशनच्या खिडकीत शब्दांमधल्या अंतराचे मूळ आकडे ८०, १००, १३३ असे असतात, पुस्तकाच्या रुंद ओळीसाठी ते चालतात, अरुंद स्तंभासाठी कमाल मर्यादा थोडी वाढवावी लागते. अक्षरांमधल्या अंतराच्या तिन्ही चौकटींत शून्य आणि रुंदीच्या तिन्ही चौकटींत १०० हे आकडे ठेवावेत आणि त्यांना कुणी हात लावू नये. शिरोरेषेचे खरे रक्षण या सहा चौकटी करतात. त्याच खिडकीत ‘सिंगल वर्ड जस्टिफिकेशन’ असा एक पर्याय आहे. ओळीत एकच शब्द आला तर काय करायचे, ते तो ठरवतो. मूळ ठेवणीत तो त्या एका शब्दाला या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणण्यावर असतो. तो बदलून डावीकडे करावा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडावी. शब्द तोडणे मजकुराच्या स्टाईलमध्ये चालू ठेवावे आणि शीर्षकांच्या स्टाईलमध्ये बंद करावे. तरीही एखादा शब्द अडलाच तर ‘महानगर’ आणि ‘पालिकेकडून’ यांच्यामध्ये कंट्रोल-शिफ्ट-हायफन दाबून तोडण्याची खूण ठेवावी. नुसता हायफन टाइप करू नये. ही खूण शब्द ओळीच्या शेवटी असेल तेव्हाच दिसते, ओळ बदलली की नाहीशी होते. टाइप केलेला हायफन मात्र पुढच्या वर्षीच्या अंकात ओळीच्या मधोमध तसाच छापला जातो.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये काम करणाऱ्यांनी ही सारी काळजी दुप्पट घ्यायला हवी. श्रीलिपीसारख्या व्यवस्थांमधले जुने फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवतात. काना, मात्रा, वेलांटी, अर्धे अक्षर आणि त्याचा दांडा हे सगळे वेगवेगळे तुकडे असू शकतात. अक्षरांमधले अंतर वाढले की अशा मजकुरात शिरोरेषेच्या जोडीने अक्षरही आतून फुटते आणि काना आपल्या अक्षरापासून दूर जाऊन उभा राहतो. त्यात भाषा इंग्रजी ठेवलेली असेल तर सॉफ्टवेअर त्या तुकड्यांना इंग्रजी शब्द समजून इंग्रजीच्या नियमाने तोडते, आणि एखाद्या अक्षराचा अर्धा भाग वरच्या ओळीत, अर्धा खालच्या ओळीत जातो. अशा मजकुरासाठी वेगळी स्टाईल करावी, तिच्यात भाषा ‘नो लँग्वेज’ ठेवावी, शब्द तोडणे पूर्ण बंद करावे आणि स्तंभ अरुंद असेल तर मजकूर सरळ डावीकडे जुळवावा.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. दोन्ही कडा सरळ असल्या की पान छापखान्यातून आल्यासारखे दिसते. उजवी कड दातेरी राहिली तर संपादक म्हणतात, काम अर्धवट सोडले आहे. वाचकांच्या डोळ्यांना वर्तमानपत्रे आणि पुस्तके यांनी तशी सवय लावलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ती सवय पुस्तकाच्या ओळीची आहे. ए-५ आकाराच्या पानावर अठरा मिलिमीटरचे समास सोडले तर ओळ ११२ मिलिमीटरची होते, तिच्यात दहा-बारा शब्द बसतात आणि उरलेली जागा तेवढ्याच फटींत वाटली जाते. कुणाच्या लक्षातही येत नाही. ५६ मिलिमीटरच्या स्तंभात तीच जागा दोन-तीन फटींत मावायची असते. म्हणजे प्रश्न आवडीचा नसून रुंदीचा आहे. माझ्या मते पुस्तकाच्या एकस्तंभी पानावर आणि ए-४ च्या दोन स्तंभांत जस्टिफाय करावे. तीन स्तंभांत, चौकटींत, चित्राला वळसा घालून जाणाऱ्या मजकुरात डावीकडे जुळवावे. हे पटत नसेल तर वाद घालत बसू नका. मजकूर स्टाईलला बांधलेला असेल तर त्या एका स्टाईलमध्ये बाजू बदलली की सबंध अंक बदलतो. दोन्ही प्रती छापून संपादकांपुढे ठेवा. पसंती-नापसंती अशी पाच मिनिटांत तपासता येणे, हाच स्टाईलचा मोठा फायदा आहे. हाताने बाजू दिलेल्या चौसष्ट पानांत असा प्रयोग कुणी करू धजत नाही, आणि म्हणून आधी जे झाले तेच बरोबर ठरते. प्राधान्यांच्या खिडकीत ‘कम्पोझिशन’मध्ये ‘एच अँड जे व्हायोलेशन्स’ ही खूण चालू केली तर मर्यादेबाहेर ताणलेल्या ओळी पिवळ्या दिसतात. जितकी ओढाताण जास्त, तितका रंग गडद. संपादकांना तीही दाखवा.

स्टाईलना नावे देताना दिसण्यावरून देऊ नयेत. ‘सेंटर १६ बोल्ड’ हे नाव उद्या शीर्षक डावीकडे घेतले की खोटे पडते. ‘लेख-शीर्षक’, ‘लेखक-नाव’, ‘मजकूर’, ‘मजकूर-पहिला’, ‘अवतरण’, ‘चित्रओळ’, ‘कविता’, ‘चौकट-मजकूर’ अशी त्या मजकुराचे पानावरचे काम सांगणारी नावे द्यावीत. सगळ्यांच्या मुळाशी ‘मजकूर-पाया’ नावाची एक स्टाईल ठेवावी. वर सांगितलेल्या सहा गोष्टी आणि फाँट तिच्यात ठरवून बाकीच्या ‘बेस्ड ऑन’ने तिच्यावर उभ्या कराव्यात. मग चौकटीच्या स्टाईलमध्ये फक्त बाजू डावी करायची, बाकी सगळे आपोआप येते. सॉफ्टवेअरने आयती दिलेली ‘बेसिक पॅराग्राफ’ मात्र वापरू नये, कारण मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये नेला की तिचे रूप त्या फाइलप्रमाणे बदलते. दिवाळी अंकाचे काम दोघा-तिघांत वाटलेले असते तेव्हा नावांची ही शिस्त फार उपयोगी पडते. सगळ्यांच्या फाइलींत स्टाईलची नावे तीच असतील तर एकाचा लेख दुसऱ्याच्या फाइलमध्ये चिकटवताच तो तिथल्या व्याख्येप्रमाणे बसतो. पानाच्या वरची अंकाची ओळ आणि पृष्ठ क्रमांक यांच्या स्टाईलला डावी-उजवी बाजू न देता ‘अवे फ्रॉम स्पाइन’ द्यावे, म्हणजे बांधणीपासून दूरची बाजू. पान पुढे-मागे सरकले तरी क्रमांक बाहेरच्या कडेलाच राहतो.

कवितेकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण कुसुमाग्रजांच्या या गावात ती छापलीही फार जाते. पत्रकावरची कविता मध्यभागी जुळवण्याची पद्धत पडली आहे, आणि ती कवितेला मारक आहे. प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी सुरू झाली की डोळ्याला परत येण्याची जागा सापडत नाही. कवीने एखादी ओळ मुद्दाम आत घेतलेली असेल तर तो इशारा पुसला जातो. ओवी आणि अभंग यांत चरणांच्या लांबीला अर्थ असतो, तोही हरवतो. कविता डावीकडे जुळवावी आणि पानाच्या मधोमध दिसावी म्हणून स्टाईलमध्येच डावा इंडेंट वाढवावा. लांब ओळ दुमडली तर तिचा उरलेला भाग थोडा आत यावा, म्हणून पहिल्या ओळीचा इंडेंट उणे ठेवावा. मग ती नवी ओळ नसून आधीच्याच ओळीचा शेवट आहे, हे वाचणाऱ्याला कळते. ओळी शिफ्ट-एंटरने तोडलेल्या असतील आणि परिच्छेद जस्टिफाय असेल, तर छोटीशी ओळसुद्धा कडेपर्यंत ताणली जाते आणि दोन शब्दांमध्ये मैदान पडते. ‘कविता’ या स्टाईलमध्ये बाजू डावी असली की हा प्रकार घडूच शकत नाही. कवीचे नाव उजवीकडे हवे असेल तर त्यासाठी ‘कवी-नाव’ ही वेगळी स्टाईल करावी. स्पेसबार दाबत दाबत नाव उजवीकडे ढकलू नये.

मध्यभागी जुळवणीची हक्काची जागा म्हणजे लग्नपत्रिका, आणि स्टाईलना विरोध करणारे तिचाच दाखला देतात : तिथे प्रत्येक ओळ वेगळ्या आकाराची, वेगळ्या रंगाची, मग स्टाईल कशाला? उत्तर असे की पत्रिकेत ओळी वेगळ्या असल्या तरी त्यांची कामे ठरलेली असतात. देवाचे नाव, वधू-वरांची नावे, आईवडिलांची नावे, मुहूर्त, विवाहस्थळ, निमंत्रकांची यादी. या सहा-सात स्टाईल एकदा केल्या की पुढच्या पत्रिकेत फक्त नावे बदलायची राहतात. निमंत्रकांची यादी मध्यभागी न घेता दोन रकान्यांत डावीकडे घेतली तर नात्यातल्या माणसाला आपले नाव पटकन सापडते, हा बदलही एका जागी करता येतो.

छोट्या कामाला एवढा खटाटोप कशाला, असे म्हटले जाते. चार पानी पत्रकापुरते पाहिले तर पहिल्या दिवशी अर्धा तास जास्त जातो, हे खरेच आहे. पण आपल्याकडचे पत्रक एकदाच कुठे छापले जाते? मागच्या वर्षीचीच फाइल उघडून तारखा बदलल्या जातात, प्रूफावर प्रूफ येते, ऐनवेळी प्रायोजकाची जाहिरात वाढते आणि स्तंभाची रुंदी बदलते. रुंदी बदलली की बाजूचा निर्णय नव्याने घ्यावा लागतो, आणि तो दर वेळी हातानेच घ्यायचा असेल तर पहिल्या दिवशी वाचवलेला अर्धा तास तिसऱ्या प्रूफाला व्याजासह जातो. दुसरी तक्रार येणाऱ्या मजकुराची असते : लेखक वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून पाठवतात, त्यांनी स्वतःच सेंटर-जस्टिफाय करून ठेवलेले असते. वर्डची फाइल कंट्रोल-डीने आणताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर खूण करा आणि आतली सजावट काढून टाकायला सांगा, ‘प्रिझर्व्ह लोकल ओव्हरराइड्स’ चालू ठेवले तर लेखकाने ठळक केलेले शब्द तेवढे टिकतात. व्हॉट्सॲपचा मजकूर तर साधाच येतो, फक्त ठळक शब्दांभोवतीच्या चांदण्या काढायला विसरू नका.

आधीच हाताने मांडलेली जुनी फाइल सुधारायची असेल तर सगळे पुसून पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. ‘फाइंड-चेंज’मध्ये शब्दांऐवजी रूप शोधता येते. मध्यभागी जुळवलेले आणि अमुक आकाराचे परिच्छेद शोधायचे, त्यांना ‘लेख-शीर्षक’ लावायचे. मग उरलेल्यांकडे वळायचे. स्टाईल लावल्यावर तिच्या नावापुढे अधिकचे चिन्ह दिसले, तर मजकुरावर जुन्या हाताची खूण शिल्लक आहे असे समजावे. आल्ट दाबून स्टाईलच्या नावावर क्लिक केले की ती निघून जाते. पण त्याने हाताने ठळक केलेले शब्दही साधे होतात, म्हणून त्यांना आधी कॅरॅक्टर स्टाईल लावून घ्यावी. ज्यांना इनडिझाइन परवडत नाही त्यांना स्क्रायबस फुकट मिळते. त्याच्या जुन्या १.४ मालिकेत देवनागरी नीट जुळत नसे. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १.६ मध्ये ती अडचण राहिलेली नाही आणि एफ-४ दाबले की स्टाईल मॅनेजर उघडतो. तिथेही अक्षरांची रुंदी ताणण्याचे आकडे १०० वरच ठेवावेत.

सिंहस्थाच्या पत्रकांना या सगळ्याची खरी गरज लागेल, कारण तोच मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत शेजारी शेजारी छापावा लागतो. तीन भाषांना तीन स्टाईल करा : ‘मजकूर-मराठी’, ‘मजकूर-हिंदी’, ‘मजकूर-इंग्रजी’. आकार, ओळींमधले अंतर आणि परिच्छेदांमधली जागा तिघींना एकाच पायाकडून येऊ द्या. भाषा, शब्द तोडण्याचे नियम आणि बाजू ज्याच्या त्याच्या स्टाईलमध्ये. इंग्रजी स्तंभ जस्टिफाय करूनही बरा दिसेल, म्हणून मराठी स्तंभालाही तेच लावण्याचा मोह होईल. त्या वेळी स्तंभाची रुंदी मोजा आणि ‘महानगरपालिकेकडून’ हा शब्द त्यात कुठे जाऊन पडतो ते आधी पाहा. गर्दीत उभे राहून, एका हातात पिशवी आणि एका हातात मूल धरून वाचणाऱ्या माणसाला घाटाचे नाव आणि परतीच्या बसचा थांबा त्या ओळीत सापडायचा आहे.